डॉक्टरांची वामकुक्षी

एल्विरा बाचिगालुपोला लोक गरीब स्वभावाची म्हणायचे. म्हणोत बापडे. तिच्या पार्लरमध्ये, तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून बायकांची नखं रंगवण्यात माझी अर्धी हयात गेली आहे, आणि मी सांगते, त्या बाईनं जसं उट्टं काढलं तसं मी अख्ख्या ब्युनॉस आयर्समध्ये दुसऱ्या कुणाला काढताना पाहिलेलं नाही. अजूनही आठवलं की मला जेवण दोन घास जास्त जातं.

आमचं पार्लर पालेर्मोतल्या त्या चौकाजवळ, जिथे एकाआड एक दारावर मनाच्या डॉक्टरची पितळी पाटी आहे. लोक थट्टेनं त्या भागाला फ्रॉइडवाडी म्हणतात. खाटीक असो, टॅक्सीवाला असो, शाळेतली बाई असो, इथे ज्याचा त्याचा एक डॉक्टर असतो. माझाही आहे. शेजारणीशी भांडण झालं तर तीही ‘माझा डॉक्टर म्हणतो’ अशी सुरुवात करते आणि मीही.

एल्विराचे डॉक्टर इग्नासियो उर्किओला. मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारची जेवणं झाली की लगेच तिची वेळ. ती कोचावर आडवी व्हायची, डॉक्टर तिच्या डोक्यामागे खुर्चीत. कोचावरून डॉक्टर दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तशी मांडणी असते, आणि पेशंटनं मान वळवून बघायचं नाही हा शिष्टाचार.

दुसरी गोष्ट म्हणजे, डॉक्टरबद्दल तुम्ही काहीही बोललात तरी ते डॉक्टरबद्दल नसतं. मी एकदा माझ्या डॉक्टरला म्हटलं, तुमच्या जिन्यात मांजराचा वास येतो. तर तो म्हणाला, लहानपणी तुमच्या घरात कसला वास यायचा? याला ते ट्रान्सफरन्स म्हणतात. राग असतो आईवर नाहीतर बापावर, आणि निघतो डॉक्टरवर. आम्ही सगळे हे मानतो. मांजर खरोखर होतं, ती गोष्ट वेगळी.

तर एल्विराला बरेच महिने वाटायचं, मागची खुर्ची आपलं ऐकत नाही. बोलून बोलून ती थांबायची, आणि मागून काहीच नाही.

शेवटी एकदा तिनं धीर करून विचारलं, “डॉक्टर, तुम्ही ऐकताय ना?”

जरा वेळानं आवाज आला, “तुमचं कोणी ऐकलं नाही, एल्विरा?”

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? ती आठवायला लागली. आई लवकर गेली होती. राहिले बाबा.

बाबा म्हणजे डॉन नातालियो, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मानानं डॉन म्हणतात. नदीपलीकडे अवेशानेदाच्या लोकरीच्या गिरणीत मागावर जन्म गेला. त्या यंत्रांच्या खडखडाटात त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डाव्यात जेमतेम धुगधुगी होती. ते काहीच ऐकायचे नाहीत हे खरंच आहे, कारण त्यांना ऐकूच यायचं नाही. मी एल्विराला म्हटलंही, “अगं, गिरणीनं खाल्लेत त्यांचे कान. त्यात त्यांचा काय दोष?”

“डॉक्टर म्हणतात, बहिरेपणाही माणूस सोयीनं वापरतो.”

“डॉक्टरला म्हणावं, एक दिवस माग चालवून बघ.”

पण तिच्या डोक्यात भरवलेलं होतं. दर मंगळवारी, दर गुरुवारी तेच. ती म्हणायची, तुम्ही ऐकत नाही. ते म्हणायचे, तुमचे वडील ऐकत नव्हते. थेंब थेंब करत ते असं मुरलं की एका रविवारी ती अवेशानेदाला जेवायला गेली ती भरल्या ताटावरून उठली. बाबांनी स्वतः सारण भरून राविओली केल्या होत्या. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आयुष्यात एकदाही माझं ऐकलं नाहीत!”

बाबांनी मान कलती केली आणि विचारलं, “काय?”

झालं. तिला पुरावा मिळाला. पर्स उचलून ती निघाली आणि त्यानंतर सात वर्षं त्या घराची पायरी चढली नाही. फोनचा तर प्रश्नच नव्हता, फोनवर त्यांना ऐकू येत नसे. ते पत्र लिहीत, ती न फोडता परत पाठवी. डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. म्हणाले, आता तुम्ही मोठ्या झालात.

मातिल्देबाई आल्या तेव्हा हे सगळं असं होतं. नवं गिऱ्हाईक. साठीच्या आतबाहेर, बोलक्या, हातात चांगली अंगठी. केस धुवायला त्यांनी बेसिनवर डोकं मागे टाकलं, एल्विरा त्यांच्या डोक्यामागे उभी, आणि कोमट पाणी पडल्याबरोबर बाईंचा नळही सुटला. तसं सगळ्यांचंच होतं.

“आमचे हे मनाचे डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “घरी अक्षर बोलत नाहीत. म्हणतात, दिवसभर ऐकून थकतो. थकतायत कसले! मंगळवार-गुरुवार जेवण झालं की एक पेशंट येते, तिला हे घरात माझी वामकुक्षी म्हणतात. ती बिचारी बापाचं रडगाणं गाते आणि हे मागे डोळे मिटतात. परवा तर सांगत होते, तिनं विचारलं ऐकताय का, आणि मी झोपेतच बरोबर उत्तर दिलं! हसत होते हो.”

मी ब्रश हातात धरून तशीच राहिले. एल्विराचे हात थांबले नाहीत. तिनं बाईंचे केस धुतले, पुसले, सेट केले, दारापर्यंत पोचवलं. मग मागच्या खोलीत गेली आणि हातातला टॉवेल तिनं दातांनी फाडला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

“झोपला होता,” ती म्हणाली. “झोपला होता तो, पेपा. आणि मी माझ्या बापाला...”

“पुढच्या वेळी बाईचे केस हिरवे करून टाक,” मी म्हटलं.

“बाईनं काय केलंय? मला त्याच्या तोंडून पाहिजे. मी झोपलो होतो, तुझ्या बापाची चूक नव्हती, हे त्यानं म्हणायचं. माझ्यासमोर नाही. बाबांसमोर. मी आता कुठल्या तोंडानं जाऊ तिकडे? ज्यानं हे माझ्या डोक्यात घातलं त्यानं तिथे येऊन काढायचं.”

त्या मंगळवारी ती तरातरा गेली आणि परत आली ती रडत नाही, हसत नाही, अशी विचित्र.

“सांगितलंस?”

“सगळं. म्हटलं, तुम्ही झोपता. म्हणे, कोण झोपतं एल्विरा? म्हटलं तुम्ही, तुमच्या बायकोनं सांगितलं, माझ्याकडे केस धुवायला येते. पेपा, तो खूश झाला गं! खुर्ची सरकवून पुढे आला. म्हणाला, फार सुंदर! तुम्ही माझ्या बायकोची कल्पना केलीत, तिचं डोकं तुमच्या हातात आहे अशी कल्पना केलीत. म्हणजे तुम्हाला आईला बाजूला सारून बापाशेजारी बसायचंय.”

“अगं बाई!”

“खरं सांगितलं तर त्याला स्वप्न वाटलं. ठीक आहे. आता त्याला सगळं खरंच सांगणार.”

आणि तिनं सांगितलं. शुक्रवारी मातिल्देबाई यायच्या, नवऱ्याबद्दल कुरकुरायच्या आणि शेवटी स्वतःच म्हणायच्या, “काय करणार, माझे वडीलही असेच घुमे. हे म्हणतात, मी त्यांचा राग यांच्यावर काढते.”

एल्विरा मागून म्हणायची, “वडिलांना कशाला ओढता, बाई? ते बसलेत का तुमच्या जेवणाच्या टेबलाशी? जो समोर बसून ऐकत नाही त्याच्यावर रागवा.”

“खरंच की.”

“तुम्ही त्यांना सोडून का जात नाही?”

आणि मंगळवारी कोचावर आडवी होऊन तेच डॉक्टरला शब्दाला शब्द सांगायची. डॉक्टर, मी तुमच्या बायकोला तुम्हाला सोडायला सांगितलं. डॉक्टर, तुमच्या बायकोची बहीण रोसारिओला असते, तिच्याकडे जायचं तिच्या मनात आहे. डॉक्टर, तुम्ही घरी पायमोजे सोफ्याखाली टाकता. डॉक्टरची झोप कुठल्या कुठे पळाली. बापाचं खरं दुःख ती सांगत होती तेव्हा हा झोपत होता, आणि आता पायमोज्यांचा अर्थ लावायला डोळे टक्क उघडे! तो म्हणायचा, तुमच्याकडे विलक्षण कल्पनाशक्ती आहे. कारकिर्दीतली सर्वांत मोठी केस म्हणून त्यानं मनाच्या डॉक्टरांच्या सोसायटीच्या सभेत तिच्यावर निबंध वाचायचं ठरवलं.

एल्विरा मला म्हणायची, “मी त्याला आधी बजावून, त्याच्या तोंडावर सांगून त्याचं घर मोडतेय. याहून प्रामाणिक सूड असतो का?”

मी म्हणायचे, नसतो.

मग एका शुक्रवारी मातिल्देबाई आल्या त्या बोलल्याच नाहीत. खुर्चीत बसल्या. बेसिनवर डोकं टेकलं. एल्विरानं नळ सोडला.

“म्हणजे वामकुक्षी तुम्हीच तर,” बाई म्हणाल्या.

माझ्या हातून नेलपॉलिशची बाटली लवंडली. एल्विरानं नळ बंद केला.

“काल रात्री जेवताना सांगत होते,” बाई छताकडे बघत म्हणाल्या. “पोट धरून हसत होते. एक पेशंट आहे म्हणे, हेअरड्रेसर, तिला वाटतं ती माझ्या बायकोचे केस धुते आणि तिला नवरा सोडायला सांगते. मी काटा खाली ठेवला. वाट बघितली. म्हटलं, आता विचारतील. आता विचारतील, मातिल्दे, तू केस कुठे करतेस गं? एकच प्रश्न. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. त्यांनी चीज मागितलं.”

 शेजारी ड्रायरखालच्या बाईनंही ड्रायर बंद केला होता.

“मी तुमचा वापर केला, बाई,” एल्विरा म्हणाली. “मला त्यांच्यावर सूड घ्यायचा होता. अजूनही घ्यायचाय.”

“माहीत आहे. मला राग आलाय तुमचा. पण रांगेत तुमचा नंबर दुसरा आहे.” बाईंनी मान उचलली. “कापा. अगदी बारीक कापा. त्यांना लांब केस आवडतात. आणि सभा बुधवारी आहे, तुम्ही दोघी माझ्याबरोबर या.”

सभेला मी माझा निळा कोट घालून गेले. सोसायटीचं सभागृह गच्च भरलं होतं, सगळे एकमेकांचे डॉक्टर आणि एकमेकांचे पेशंट. आम्ही तिघी मागच्या रांगेत. डॉक्टर उर्किओला दिसायला देखणा माणूस, ते नाकारत नाही. पेशंटची ओळख लपवायची रीत म्हणून त्यांनी एल्विराची फुलवाली केली होती. ही फुलवाली, म्हणे, डॉक्टरच्या बायकोला रोज फुलं विकते अशी तिची कल्पना आहे. मध्येमध्ये त्यांनी बापाचं नाव न घेता बापाला झोडपलं. एल्विरा दातओठ खात ऐकत होती.

प्रश्नांची वेळ झाली. मातिल्देबाई उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना ओळखलंच नाही, बारीक केसांमुळे. खरं सांगते, दोन क्षण नाहीच ओळखलं.

“डॉक्टर, ती फुलवाली खरीच फुलं विकत असेल तर?”

“बाई, इथे खऱ्याचा प्रश्न...” आणि तेवढ्यात त्यांनी ओळखलं. हातातला चष्मा टेबलावर ठेवायला गेले तो खाली पडला.

“ती फुलवाली नाही. माझे केस करते. ही इथे बसलीय माझ्या शेजारी. आणि तुम्ही तिच्या वेळेला झोपता हे तिला मी सांगितलं.”

असा गलका उडाला म्हणता! पहिल्या रांगेत एक फार म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, सगळ्यांच्या गुरूच्या गुरू असाव्यात, कारण त्यांनी काठी आपटल्यावर सभागृह चिडीचूप झालं.

“उर्किओला, तू झोपायचास का?”

“बाई, प्रश्न इतका सरळ नाही. पेशंटच्या सहवासात डॉक्टरच्या मनात जे उठतं, ते उलट ट्रान्सफरन्स... तिचे वडील ऐकत नसत, त्यामुळे न ऐकणाऱ्याची जागा तिनंच मला दिली. ती झोप एका अर्थी तिनं माझ्यात घातली.”

म्हणजे बघा. सगळ्यांदेखत पकडला गेला, तरी हात पुन्हा एल्विराच्या म्हाताऱ्या बापाच्याच गळ्याकडे. मला पायातली चप्पल काढावीशी वाटली.

“दुपारी जेवतोस काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काय? ...भाजलेलं मांस. सॅलड.”

“आणि वाइन?”

“एक ग्लास.”

“दोन,” मातिल्देबाई म्हणाल्या.

सभागृह हसायला लागलं. ते हसू थांबेना. डॉक्टरांचे कान लाल झाले. एल्विरा हसली नाही. ती उभी राहून वाट बघत होती. शेवटी त्यांनी तिच्याकडे बघितलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा समोरून, आणि म्हणाले, “झोपत होतो.”

मातिल्देबाई त्याच आठवड्यात रोसारिओला बहिणीकडे गेल्या. डॉक्टरांचे पेशंट गळायला लागले. कोण जाणार हो, दर वेळी मागे वळून बघावंसं वाटणार. मग एका दुपारी, बरोबर एल्विराच्या जुन्या वेळेला, डॉक्टर आमच्या दारात. शर्टाची कॉलर मळलेली. त्यांना पार्लर सापडायला पत्ता विचारावा लागला होता. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या.

“तुम्ही सोसायटीकडे तक्रार करणार आहात असं ऐकलं,” ते म्हणाले.

“करणार आहे.”

“माझी पाटी जाईल, एल्विरा. माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही.”

“माझ्याजवळ काय उरलं होतं?” ती कात्री पुसत म्हणाली. “तक्रार नको असेल तर रविवारी माझ्याबरोबर अवेशानेदाला यायचं. बाबांसमोर बोलायचं. जे सभेत बोललात ते.”

“हे म्हणजे सूड झाला. याचा उपचाराशी काही...”

“सूडच आहे. तुम्हाला काय वाटलं, फुलं आहेत?”

रविवारी आम्ही तिघं बसनं गेलो. एल्विरानं मेदियालुनांचा, म्हणजे चंद्रकोरी गोड पावांचा, पुडा मांडीवर घट्ट धरला होता, इतका की सगळ्या चपट्या झाल्या. पूल ओलांडल्यावर ती मला हळूच म्हणाली, “दार उघडलंच नाही तर?” सूड, सूड म्हणून नाचत होती ती, पण तिची खरी भीती ही होती. ती मला म्हणत होती, त्यांनी मला आत नाही घेतलं तर या माणसाला फासावर दिलं तरी माझं काय भलं होणार आहे?

दार उघडलं. डॉन नातालियो आटले होते, पाठीत वाकले होते. त्यांनी लेकीकडे बघितलं, माझ्याकडे, डॉक्टरांकडे.  बाजूला झाले. अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली टेबल होतं, त्यावर वाफाळत्या राविओलींची परात. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून फिरवली आणि अशी बसवली की डावा कान डॉक्टरांकडे आला.

“बोला,” एल्विरा म्हणाली.

“डॉन नातालियो, तुमच्या मुलीच्या उपचारात माझ्या बाजूनं काही त्रुटी...”

“काय?” म्हातारा म्हणाला.

“मोठ्यानं बोला,” एल्विरा म्हणाली. “आणि साधं.”

“तिचा राग माझ्यावर होता! मी तो तुमच्यावर ढकलला!”

“काय?”

शेजारच्या भिंतीवरून एक बाई डोकावली. तिच्यामागून तिचा नवरा, हातात माते, म्हणजे आमचा कडू चहा, पिण्याचा भोपळा तसाच. डॉक्टरांना घाम फुटला. त्यांनी एल्विराकडे काकुळतीनं बघितलं. तिनं बोटानं कानाकडे खूण केली.

“मी झोपत होतो!” डॉक्टर ओरडले. “ती बोलायची आणि मी झोपायचो! तुमची चूक नव्हती! चूक माझी होती!”

“काय?”

“मी झोपत होतो!”

“काय म्हणतोय हा?” म्हाताऱ्यानं भिंतीवरच्या बाईला विचारलं.

“तो झोपत होता म्हणतोय, डॉन नातालियो!” तिनं तिकडून हाळी दिली.

“कोण?”

“मी!” डॉक्टरांचा आवाज फाटला. “मी झोपत होतो! माझी चूक! माझी! माझी!”

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली इतकं ठाऊक. शेवटी डॉक्टरांच्या घशातून नुसता वारा येऊ लागला. तेव्हा डॉन नातालियोंनी मान हलवली, हात हलवून त्यांना जायला सांगितलं. डॉक्टर फाटकातून बाहेर पडले तेव्हा भिंतीवर अर्धी गल्ली होती.

एल्विरा टेबलाशी खाली मान घालून बसली होती. सगळं फुकट गेलं असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं. त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि ज्याच्यासाठी घेतलं त्याच्या कानात ते शिरलंच नाही.

म्हाताऱ्यानं खुर्ची पुन्हा उचलली. फिरवली. डावा कान आता लेकीकडे.

“तो पहिल्यांदा ओरडला तेव्हाच मला ऐकू आलं होतं,” ते म्हणाले. “राविओली गार होतायत. वाढ.”